पीतज्वराची पत्रे आणि बखर

१

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनात एक दंडक रूढ झाला. बखर ही घटनेनंतर, बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून आणि कोणाच्या तरी समाधानासाठी लिहिली जाते. अस्सल पत्र हे घटनेच्या ओघातच लिहिले जाते, आणि पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून दोहोंत विरोध आल्यास पत्राला प्रामाण्य द्यावे. राजकीय इतिहासाला हा दंडक लावण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. शास्त्राच्या, विशेषतः वैद्यकाच्या इतिहासाला मात्र तो तितक्या आग्रहाने आपण लावीत नाही. शास्त्राचा इतिहास आपण बहुधा छापील निबंधांवरून व शोधकांच्या चरित्रांवरून, म्हणजे एका परीने बखरींवरूनच, वाचतो.

योगायोग असा की, राजवाड्यांचा हा खंड निघाला त्याच १८९८ साली हिंदुस्थानात दोन वैद्यकीय शोध लागले. जून महिन्यात पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत एक प्रयोग करून प्लेग पिसवांमार्फत पसरतो असे दाखविले. जुलै महिन्यात रॉनल्ड रॉस यांनी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू डासाच्या लाळग्रंथीत पाहिले. पेशवाईची दप्तरे उलगडली जात होती त्याच काळात नव्या वैद्यकाची दप्तरे लिहिली जात होती. पहिल्या प्रकारच्या दप्तरांसाठी आपल्याकडे एक वाचनपद्धती सिद्ध झाली. ती दुसऱ्या प्रकारच्या दप्तरांना कितपत लागू पडते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परीक्षेसाठी पीतज्वर या रोगाविषयीचा पत्रव्यवहार निवडला आहे. हा रोग हिंदुस्थानात कधीही फैलावला नाही. मग त्याचीच निवड का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन. एक, या रोगाशी झुंजलेल्या डॉक्टरांची पत्रे जितक्या कसोशीने जतन झाली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या रोगाची झाली असतील. दुसरे, ज्या संशोधनपरंपरेतून पुण्यातील एक महत्त्वाची संस्था उभी राहिली, ती परंपरा या रोगानेच घडविली. या परीक्षेतून जो निष्कर्ष हाती येतो तो प्रारंभीच सांगतो. वैद्यकीय पत्र हे रोगाविषयी अनेकदा चुकलेले असते; परंतु लिहिणाऱ्याच्या अज्ञानाविषयी ते खरे बोलते. छापील अहवाल रोगाविषयी बरोबर असतो. पण ते अज्ञान आणि त्या अज्ञानाच्या काळात घेतलेले ऋण तो पुसून टाकतो. राजवाड्यांचा दंडक येथे लागू पडतो तो या मर्यादित, पण महत्त्वाच्या अर्थाने.

२

प्रथम हवानातील पत्रे पाहू. १९०० साली क्यूबा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात असताना मेजर वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली जेम्स कॅरल, जेसी लझीअर आणि अरिस्टिडीस अग्रमाँटे या चौघांचे मंडळ पीतज्वराच्या संशोधनासाठी नेमले गेले. पीतज्वर डासामुळे पसरतो हे मत हवानाचेच डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडले होते. पण त्यांच्या प्रयोगांनी कोणाची खात्री पटली नव्हती. त्याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. रोगी आजाराच्या पहिल्या तीनेक दिवसांतच डासाला विष देऊ शकतो, आणि डासाच्या अंगी ते विष पक्व होण्यास बारा दिवसांच्या आसपास अवधी लागतो. फिनले यांचे डास फार लवकर चाववले गेले. हा अवधी प्रथम ध्यानात आला तो प्रयोगशाळेत नव्हे. हेन्री रोझ कार्टर या डॉक्टरांनी १८९८ साली मिसिसिपीतील ऑरवुड व टेलर या खेड्यांत घरोघर जाऊन, पहिला रोगी केव्हा पडला आणि त्याच घरातील पुढचा केव्हा, याचे टिपण केले. दोहोंमध्ये दोन आठवड्यांच्या आसपास अंतर पडते, मात्र त्यानंतर त्या घरात पाऊल टाकणारा पाहुणा थोड्याच दिवसांत आजारी पडतो, असे त्यांना आढळले. कार्टर यांनी हे निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध केले आणि लझीअर यांच्या हाती दिले.

आता बखर व पत्र यांतील फरक पाहण्याजोगा आहे. मंडळाच्या छापील निबंधात कार्टर व फिनले या दोघांचाही उचित उल्लेख आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु कार्टर यांना लिहिलेल्या पत्रात रीड यांनी जे कबूल केले ते त्याहून फार मोठे आहे. मध्यस्थ प्राण्याच्या कल्पनेकडे आपले मन वळविण्यात कार्टर यांच्या मिसिसिपीतील कामाचा वाटा इतर सर्व गोष्टींच्या बेरजेपेक्षा अधिक होता, असा त्या पत्राचा आशय आहे. निबंधात कार्टर हे अनेक आधारांपैकी एक आहेत. पत्रात ते मूळ प्रेरणा आहेत. अहवालाची रीतच अशी की, त्यात प्रत्येक आधाराला त्याच्या तार्किक जागी बसवावे लागते. तो आधार लेखकाच्या मनात किती खोल रुजला होता हे सांगण्याची सोय त्यात नसते. ती सोय पत्रात असते.

लझीअर यांचे पत्नीला लिहिलेले ८ सप्टेंबर १९०० चे पत्र याहून मार्मिक आहे. त्यापूर्वी, २७ ऑगस्टला, कॅरल यांनी डास चाववून घेतला होता आणि ते मरणाच्या दारातून परतत होते. पत्रात लझीअर लिहितात की, खऱ्या कारणाचा माग आपल्याला लागला असावा असे वाटते. पण हे कोणाजवळ सूचित देखील करावयाचे नाही. पत्रातला भाव विजयाचा नाही. तो ‘वाटते’ या क्रियापदाचा आहे. सतरा दिवसांनी, २५ सप्टेंबरला, लझीअर पीतज्वरानेच वारले. रुग्णालयात मोकळा फिरणारा डास त्यांना चुकून चावला, असे छापील निबंध सांगतो. त्यांच्या टिपणवहीवरून मात्र त्यांनी स्वतःवर प्रयोग केला असावा, असा पुढील अभ्यासकांचा कयास आहे. रीड त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये होते. कॅरल यांच्या आजाराची वार्ता कळल्यावर त्यांनी लिहिलेल्या पत्रात, हे डासानेच केले काय, असा प्रश्न त्यांनी मागल्या बाजूस टाकला आहे. मित्र वाचल्याचा आनंद, त्याच्या आजारामुळे आपली कल्पना खरी ठरत असल्याची उत्सुकता, आणि त्या उत्सुकतेची काहीशी लाज, हे तीनही भाव त्या एका प्रश्नात एकवटले आहेत. २३ ऑक्टोबरला इंडियानापोलिस येथे वाचलेल्या प्राथमिक निबंधात यांपैकी एकही भाव नाही, आणि तो असू नये हेही खरेच.

येथे टीकाकाराने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हवानाची पत्रे आज आपल्याला एकत्र वाचता येतात, याचे बरेचसे श्रेय फिलिप हेंच यांना आहे. १९५० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी असलेल्या या डॉक्टरांनी अनेक वर्षे खपून त्या प्रयोगांतील हयात माणसे व त्यांचे वारस शोधून काढले, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि कागद जमविले. तो संग्रह आज व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. परंतु हेंच यांच्या प्रश्नांना चाळीस वर्षांनंतर आलेली उत्तरेही त्याच संग्रहात आहेत. ती उत्तरे पत्ररूप असली तरी जातीने बखरच आहेत. ती घटनेनंतर, विचारणाऱ्याची अपेक्षा ओळखून आणि गौरवगाथा सर्वश्रुत झाल्यावर लिहिली गेली. कागदावर ‘प्रिय’ असा मायना आहे म्हणून तो कागद अस्सल पत्र ठरत नाही. तो केव्हा लिहिला व कोणाच्या इच्छेने जपला गेला, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याची किंमत ठरते.

३

पीतज्वराच्या शोधाला ज्या हिवतापाच्या शोधाने वाट करून दिली, त्याचा पत्रव्यवहार हिंदुस्थानातून झाला. रॉनल्ड रॉस हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी. पॅट्रिक मॅन्सन हे लंडनमधील त्यांचे गुरू. १८९५ ते १८९९ या काळात दोघांमध्ये जी पत्रे गेली-आली त्यांची संख्या शंभराहून पुष्कळ अधिक आहे. १९९८ साली ती एकत्र संपादित होऊन ग्रंथरूपाने निघाली. हिंदुस्थानातून लंडनला पत्र पोचून उलट उत्तर यावयास त्या काळी दीड महिना सहज जाई. त्यामुळे या पत्रव्यवहाराचे रूपच वेगळे झाले आहे. मॅन्सन यांचे उत्तर हाती पडेपर्यंत रॉस पुढची दोन-तीन पत्रे लिहून मोकळे झालेले असत, आणि जी शंका मॅन्सन फेडत ती रॉस यांनी तोवर टाकून दिलेली असे किंवा तिच्या पुष्कळ पुढे ते गेलेले असत.

या पत्रांतील सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे त्यांतील चुका होत. डास एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालून मरतो आणि त्या पाण्यातून जंतू माणसाच्या पोटात जातो, असे मॅन्सन यांचे मत होते. या मताला अनुसरून रॉस यांनी १८९५ साली सिकंदराबादेत लछमन नावाच्या माणसाला मेलेल्या डासांचे पाणी पाजले. त्याला थोडासा ताप आला आणि रॉस क्षणभर हर्षभरित झाले. पुढील प्रयोगांनी तो हर्ष टिकू दिला नाही. हे मत धरून ठेवल्यामुळे गुरु-शिष्यांचा पुष्कळ काळ वाया गेला, असे आज आपण सहज म्हणू शकतो. पण २० ऑगस्ट १८९७ रोजी, हुसेन खान या रुग्णाला चावलेल्या, पंखांवर ठिपके असलेल्या डासाच्या जठरभित्तीत रॉस यांनी रंगकण असलेल्या पेशी पाहिल्या, तेव्हा त्यांचे डोळे तयार झाले होते ते याच चुकीच्या मार्गावर दोन वर्षे डास चिरीत राहिल्यामुळे. छापील निबंधात चुकीचा मार्ग गाळला जातो. मग विद्यार्थ्याचा असा समज होतो की, शोधकाला योग्य मार्ग आरंभापासून दिसत होता. हा समज नव्या संशोधकाला निराश करणारा आहे, कारण त्याला स्वतःला असा मार्ग कधीच दिसत नसतो.

रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांचे मॅन्सन यांच्याशी बिनसले. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी हा पत्रव्यवहार विपुल वापरला. पण तो वापरणारा आता वादातील एक पक्षकार होता. पत्र तेच असूनही ते बखरीत गुंफले गेले की त्याचा अर्थ बदलतो. आपल्याकडील कैफियतींत जुन्या सनदा उद्धृत केलेल्या असतात, त्या वाचताना जी दक्षता अभ्यासक घेतो तीच येथेही घ्यावी लागते.

४

आतापर्यंत खाजगी व सहकाऱ्यांमधील पत्रांचा विचार केला. तिसरा प्रकार जाहीर पत्राचा. त्याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये लशीचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी मंडळाने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे दिला. हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही साक्ष मात्र त्या निर्णयात दुय्यम ठरली.

यानंतर रॉस व डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी हा प्रश्न धसास लावला. १९०७ च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले, सह्या करणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर हेही होते. त्याच वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त होऊन हिंदुस्थानात परतले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

पत्र म्हणून या कागदाची परीक्षा केली तर काय दिसते? त्यात शंका नाही, ‘असे वाटते’ नाही. विष मूळ बाटलीत नव्हते, ते गावी बाटली उघडताना शिरले, असा युक्तिवाद मुद्देसूद मांडलेला आहे. हे वकिलाचे पत्र आहे, आणि ज्या अन्यायाच्या निवारणासाठी ते लिहिले गेले तो पाहता ते तसेच असणे योग्य होते. परंतु अज्ञानाची साक्ष देणारा कागद म्हणून त्याची किंमत लझीअर यांच्या चार ओळींपेक्षा कमी आहे. म्हणजे पत्राचा खरेपणा त्याच्या पत्रपणावर अवलंबून नसून, ते कोणासाठी लिहिले आहे यावर अवलंबून आहे. पत्नीला व गुरूला लिहिताना माणूस आपले न कळणे सांगतो. वृत्तपत्राच्या वाचकाला लिहिताना ते झाकतो.

या दोन दप्तरांना जोडणारा माणूस म्हणून सिमाँ यांचा उल्लेख पुन्हा केला पाहिजे. मुंबई व कराचीत प्लेगचे काम केल्यावर ते १९०१ पासून १९०५ पर्यंत रिओ द जानेरोत एमिल मार्शू यांच्यासह पीतज्वराचा अभ्यास करीत होते. पिसवेविषयीचे त्यांचे मत कित्येक वर्षे कोणी मानले नाही. ग्लेन लिस्टन यांची मुंबईतील निरीक्षणे व १९०५ नंतर परळ येथे प्लेग आयोगाने केलेले प्रयोग यांनी ते सिद्ध झाले. फिनले यांना १९ वर्षे वाट पाहावी लागली. सिमाँ यांना दशकाच्या आसपास. दोघांचीही गोष्ट आज बखरीत विजयाची म्हणून येते. मधली वर्षे तीत एका वाक्यात संपतात.

५

आता पुण्याकडे वळू. पनामा कालवा १९१४ साली खुला होण्याच्या सुमारास हिंदुस्थान सरकारला नवी चिंता पडली. पीतज्वर वाहणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्याकडे घरोघर आहे, रोगप्रतिकारशक्ती कोणातच नाही, आणि अमेरिकेकडून येणारा सागरी मार्ग आखूड होत आहे. एस. पी. जेम्स यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून १९१३ साली आपले निष्कर्ष मांडले. १९२७ साली या चिंतेला शास्त्रीय आधार मिळाला. गोल्ड कोस्टमधील असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त हिंदुस्थानातील जातीच्या र्‍हीसस माकडाला टोचले असता ते माकड पीतज्वराने मेले. आफ्रिकेतील माकडे ज्या रोगाला दाद देत नव्हती त्याला हे माकड बळी पडले. तोवर या रोगासाठी प्रयोगाचा प्राणी मिळत नव्हता. तो आता मिळाला. हा प्रयोग करणाऱ्यांपैकी एड्रियन स्टोक्स त्याच सप्टेंबरात पीतज्वराने वारले. पुढील मे महिन्यात अक्रा येथे हिदेयो नोगुची आणि थोड्याच दिवसांत विल्यम यंग गेले. असिबीच्या रक्तातून आलेल्या विषाणूपासूनच माक्स टायलर यांनी पुढे लस सिद्ध केली आणि त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सर्व संशोधन रॉकफेलर प्रतिष्ठानाचे होते. त्याच प्रतिष्ठानाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. पहिले संचालक जे. ऑस्टिन कर हे पीतज्वराच्या मोहिमांत मुरलेले होते. म्हणजे येथे येऊन पोचली ती केवळ उपकरणे नव्हेत. एक शंका घेण्याची सवय येथे येऊन पोचली.

या सवयीची कसोटी १९५७ च्या मार्चमध्ये लागली. शिमोगा जिल्ह्यात माणसे तापाने आजारी पडत होती आणि जंगलात माकडे मरून पडत होती, अशी खबर पुण्यास आली. टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो व त्यांचे भारतीय सहकारी यांच्यापुढे पहिली शंका उभी राहिली ती पीतज्वराची, कारण दक्षिण अमेरिकेत जंगली पीतज्वर माकडांच्या मरणानेच ओळखला जात असे. शंका चुकीची होती. जो विषाणू सापडला तो डासाचा नव्हे तर गोचिडीचा, आणि त्याचे नाते रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूशी निघाले. क्यासनूर जंगलावरून त्या रोगाला नाव मिळाले. २०१६ साली तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आढळला, म्हणजे आता तो महाराष्ट्राचाही रोग आहे.

येथे प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. ही चुकीची शंका नसती तर मेलेल्या माकडांकडे तातडीने धावून जाण्याचे कारणच नव्हते. माणसांचा ताप विषमज्वरात जमा करून मोकळे होता आले असते. न आलेल्या रोगाच्या भीतीने आलेला रोग पकडला. अंतिम वर्गीकरणाला त्या शंकेचे प्रयोजन नसते, परंतु इतिहासाला तिच्याशिवाय अर्थ लागत नाही. रॉस यांचे डासांचे पाणी आणि पुण्याची पीतज्वराची शंका या दोन्ही चुका फळल्या, आणि त्या चुका आपल्याला कळतात त्या कोणी तरी त्या काळातच त्या लिहून ठेवल्या म्हणून.

६

पत्राचे माहात्म्य इतके सांगितल्यावर त्याची मोठी उणीव सांगणे भाग आहे. या सर्व पत्रव्यवहारात लिहिणारे मोजके आहेत आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते असंख्य आहेत. लछमन, हुसेन खान, रॉस यांचा मदतनीस महंमद बक्ष, असिबी यांची नावे तरी उरली. मुल्कोवालचे एकोणीस जण या वादात संख्या म्हणूनच येतात. हवानाच्या छावणीत स्वतःस डास चाववून घेणारे स्पॅनिश स्थलांतरित शंभर डॉलरच्या करारनाम्यांत आढळतात. तो करारनामा संमतीच्या इतिहासात मोलाचा आहे, पण तो त्यांच्याविषयीचा कागद आहे, त्यांचा नव्हे. अस्सल पत्रालाच प्रामाण्य द्यावयाचे तर ज्याने पत्र लिहिले नाही तो इतिहासातून वगळला जातो. राजवाड्यांच्या दंडकाची ही मर्यादा राजकीय इतिहासात जाणवते. वैद्यकाच्या इतिहासात ती अधिक बोचते, कारण येथे न लिहिणाऱ्याचे रक्त हेच मूळ साधन असते.

यावर उपाय पत्रे टाकून देणे हा नव्हे. ती दुसऱ्या टोकाकडून वाचणे हा आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापूर भागाचे उदाहरण घेऊ. एकीकडे १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याचे बागायत, दुसरीकडे जिराईत माळ. बारामती तालुक्यातील सांगवीसारखे नीरेच्या खोऱ्यातील गाव आणि पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारे गाव यांत अंतर थोडेच असते. पीतज्वराचा डास गटारात किंवा कालव्यात वाढत नाही. तो घरातील स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात, रांजणात, हौदात, सिमेंटच्या टाकीत वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडेपणात महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासण्याचा, म्हणजे कोरडा दिवस पाळण्याचा, उपदेश आरोग्यसेवक करतात. १९०१ साली विल्यम गोर्गस यांच्या माणसांनी हवानात घरोघर हौद झाकले व पाण्यावर तेल टाकले, त्या मोहिमेचा हा दूरचा वंशज होय. सांगवीच्या रांजणात डास आहे, विषाणू नाही. आपल्या देशाची पीतज्वरापुढील सबंध स्थिती या एका वाक्यात मावते. आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेतील बाधित देशांतून येणाऱ्याकडे लशीचा दाखला मागितला जातो, तो याच कारणाने.

हा धोका कल्पनेतला नाही, हे त्याच डासाच्या दुसऱ्या एका विषाणूने दाखवून दिले आहे. झिका विषाणू १९४७ साली युगांडात सापडला तो पीतज्वराच्याच संशोधनात, जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या र्‍हीसस माकडाच्या रक्तात. पुण्याच्या केंद्राने १९५२ च्या सुमारास भारतीयांच्या रक्तद्रव्याची तपासणी केली. १९५४ साली स्मिथबर्न, कर व गटणे यांनी प्रसिद्ध केलेल्या तिच्या निबंधात झिकाविरोधी द्रव्ये आढळल्याची नोंद आहे. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण नोंदला गेला तो २०२१ साली, पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी. पत्रव्यवहाराच्या एका टोकाला एंटेबी, न्यूयॉर्क व पुणे. दुसऱ्या टोकाला बेलसर.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक काम मांडावेसे वाटते. रोगाच्या इतिहासावर लिहावयाचे असेल तर छापील निबंधाबरोबर त्यामागची पत्रे वाचावीत. प्रत्येक पत्राला ते केव्हा लिहिले, कोणाला लिहिले, कोणी जपले आणि त्यात कोण नाही, हे चार प्रश्न विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गावचे जन्ममृत्यूचे नोंदपुस्तक, शाळेची हजेरी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वह्या आणि वृद्धांच्या आठवणी यांकडे जावे. आठवणी या बखरीच होत, हे ध्यानात ठेवावे. पण ज्याला पत्र लिहिता आले नाही त्याची बखर तरी आपण लिहून घेतली पाहिजे. आणि जे आज रोगांवर काम करीत आहेत त्यांनी आपल्या शंका लिहून ठेवाव्यात. १९०० सालचे पत्र पेटीत उरले; २०२० सालच्या महामारीत डॉक्टरांनी एकमेकांना दूरध्वनीच्या पडद्यावर पाठविलेले संदेश यंत्र बदलताच नाहीसे होतात. उत्तर पुढे अहवालात छापले जाईलच. ते मिळण्यापूर्वी आपल्याला काय कळत नव्हते, याची नोंद मात्र आज केली नाही तर पुढे कोणालाही करता येणार नाही.